भिंगरीचे दात

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. उंच इमारतींच्या पोटात जी काळोखी पोकळी असते, तिच्यात कमरेला पट्टा बांधून उतरायचं, दोरांना ग्रीस लावायचं, दारांच्या खाचा साफ करायच्या आणि कुणी मध्येच अडकलं असेल तर त्याला धीर देत बाहेर काढायचं, हे त्याचं रोजचं काम. देहाने दांडगा. हात असे, की चहाचा कप त्याच्या मुठीत भातुकलीतला वाटतो. याला भीती म्हणून कशाची वाटत नाही, असं आम्ही घरातले सगळेच धरून चाललो होतो. त्यात आमची थोडी चूक झाली होती, पण ते ओघात येईलच.

घरात आम्ही पाच जण. आई, दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. वहिनी एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई विभागात आहे, मी चष्म्याच्या दुकानात. मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती चालत नाही, फिरते. जेवताना फिरते, कपडे घालताना फिरते, रुसली तरी कोपऱ्यात जाऊन फिरते. चार वर्षांची असताना मात्र एका रविवारी दुपारी ती जागच्या जागी थांबली. भाजलेल्या पावाची कड तिने दातांखाली घेतली, आणि अशी किंकाळी फोडली की वहिनीच्या हातातून पातेलं निसटलं.

खरं तर बरेच दिवस ती एकाच बाजूने चावत होती. आता आठवलं की कळतं. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. सोमवारी सकाळी तिचा उजवा गाल टम्म सुजला होता आणि अंगात ताप होता. दादाने कामावर फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, तिला खांद्यावर टाकलं, आणि वहिनी, तो आणि मी लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

या डॉक्टर म्हणजे आखूड पिकल्या केसांच्या, बारीक चणीच्या बाई. त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. माझ्या धंद्यामुळे माझं पहिलं लक्ष तिकडेच गेलं. खुर्चीवर पोर आडवं झालं की त्याला बरोबर डोळ्यांसमोर दिसावा म्हणून छतावर त्यांनी जिराफाचं चित्र चिकटवलं होतं. भिंगरीने जिराफाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि रडत रडत का होईना, तोंड उघडलं.

खालची एक दाढ आतून पोखरली गेली होती आणि मुळाशी पू झाला होता. ती काढावी लागणार होती. आणखी दोन दाढांत खड्डे होते, ते भरता येण्यासारखे होते. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूने रेघ ओढल्यासारखे पांढरे पट्टे होते.

"आम्ही रोज घासतो हो," वहिनी म्हणाली. "दोन वर्षांची असल्यापासून. मी मुद्दाम फ्लोराइड नसलेली पेस्ट शोधून आणते. गिळली तरी चालेल अशी. आमच्या धुलाईत सगळ्या जणी म्हणाल्या, लहान मुलांना तीच चांगली."

"आणि दुपारी झोपताना दुधाची बाटली," दादा खाली बघत म्हणाला. "साखर घातलेली. आत्ता-आत्तापर्यंत."

"चुकलंच आमचं," वहिनी म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "बाई, ही खुर्ची आहे, आरोपीचा पिंजरा नाही. तुम्ही काळजीपोटीच केलंत. घासलंत ते वाया गेलं नाही, नाहीतर याहून वाईट असतं. फक्त त्या पेस्टमध्ये जे हवं होतं, तेच नव्हतं."

त्या दिवशी त्यांनी औषध दिलं. सूज उतरल्यावर पुन्हा बोलावून, जागा बधिर करून, दाढ काढली. भिंगरीला फारसं दुखलं नसावं. पण ती घाबरली, आणि तिचं घाबरणं आम्ही तिघं मोठी माणसं समोर उभी राहून बघत होतो. दादाच्या कपाळावर घामाचे थेंब होते. मला वाटलं, बापाचं काळीज. ते होतंच, पण तेवढंच नव्हतं.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला बसवून सगळं नीट सांगितलं. त्यांची सांगायची पद्धत मला फार आवडली. घाई नाही आणि उपदेशाचा सूर नाही.

"तोंडातले जंतू गोडावर जगतात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दातातली खनिजं थोडी थोडी निघून जातात. लाळ ती परत आणून बसवते. हे जाणं-येणं दिवसभर चालूच असतं. जाणं वाढलं आणि येणं कमी पडलं, की आधी असा पांढरा डाग दिसतो. मग त्याचा खड्डा होतो. फ्लोराइड असलं की गेलेली खनिजं चटकन आणि घट्ट बसतात, आणि तो जो नवा थर होतो, तो आम्लाला सहजासहजी दाद देत नाही."

"म्हणजे लोखंडाला गंज धरू नये म्हणून आम्ही रंग मारतो, तसं?" दादाने विचारलं.

"जवळपास. पण रंग वर बसतो, खरवडला की गेला. हे दाताच्या वरच्या थरात मुरतं. आणि रंग एकदा मारून भागतं, हे रोज द्यावं लागतं. सकाळी एकदा, रात्री झोपताना एकदा. रात्रीचं चुकवायचंच नाही, कारण झोपेत लाळ कमी होते. घासल्यावर थुंकायचं, पण खळाखळा चुळा भरायच्या नाहीत. जी जराशी पेस्ट दातांवर राहते, तिलाच काम करू द्यायचं. आणि रात्री त्यानंतर पाण्याशिवाय काही द्यायचं नाही."

"आई म्हणते, दुधाचे दात काय, पडणारच आहेत," दादा म्हणाला.

"पडणार आहेत, पण आपापल्या वेळेला. तोवर त्यांनी चावायचं असतं, बोलायला मदत करायची असते, आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखायची असते. आता ही दाढ गेली, तर त्या जागेत शेजारचे दात सरकू नयेत म्हणून मला तिथे तारेची छोटी कडी बसवावी लागेल." मग त्या भिंगरीच्या वरच्या ओठाकडे बोट करून म्हणाल्या, "खड्डा पडला की पेस्टचं काही चालत नाही, तो मलाच भरावा लागतो. पण हे पांढरे पट्टे अजून खड्डे झालेले नाहीत. ते थांबवता येतात. कधीकधी भरूनही येतात. ते मात्र माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे."

येताना गाडीत दादा मधेच म्हणाला, "बरं झालं, काहीतरी हातात आहे."

नवी पेस्ट घरात आली आणि पहिला अडथळा आईच्या रूपाने उभा राहिला. माझी आई हट्टी आहे, पण उगाच हट्टी नाही. तिने माझ्याकडचं भिंग घेतलं, ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि ट्यूब टेबलावर आपटली.

"हे बघ काय लिहिलंय. मुलांच्या हाती लागू देऊ नये. जास्त गिळल्यास डॉक्टरांना विचारावे. जी वस्तू गिळली तर डॉक्टरकडे धावायचं, ती पोरीच्या तोंडात घालायची? अक्कल गहाण ठेवली काय रे?"

"आई, त्यांनी सांगितलंय—" वहिनी म्हणाली.

"त्यांनी सांगितलं असेल. मी ऐकलेलं नाही."

दादाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी कडी बसवायला जायचं होतं, तेव्हा तो आईलाच बरोबर घेऊन गेला. मीही गेले. आईने खुर्चीशेजारी उभं राहून, पदराआडून काढावी तशी पिशवीतून ती ट्यूब काढली आणि डॉक्टरांसमोर धरली.

"तुमचा प्रश्न रास्त आहे," डॉक्टर म्हणाल्या. आईचा चेहरा तेवढ्यानेच सैल झाला. "अर्धी ट्यूब खाल्ली तर पोट बिघडेल, उलट्या होतील. म्हणून ती मुलांच्या हाताशी ठेवायची नाही. आणि रोज भरपूर गिळत राहिलं, तर हिरडीच्या आत जे कायमचे दात तयार होताहेत, त्यांच्यावर पांढुरके ठिपके येऊ शकतात. म्हणून पेस्ट किती घ्यायची, याला महत्त्व आहे. पहिला दात दिसल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी. तीन ते सहा, वाटाण्याएवढी. एवढी गिळली गेली तरी घाबरण्यासारखं काही नाही. ब्रशभर लांबलचक पट्टा काढतात ना जाहिरातीत, तसा कधी काढायचा नाही."

आईने विचार केला. "वाटाणा ओला की सुका?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आजी, इतकी वर्षं मी हे सांगते आहे, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सुका धरा."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "पेस्ट मी काढून देईन. बाकी कुणी हात लावायचा नाही."

आणि खरोखर त्या दिवसापासून ट्यूबचा ताबा आईकडे गेला. आरशाच्या वरच्या फळीवर ती ठेवायची, दोन्ही वेळेला स्वतः उतरवायची, ब्रशवर नेमका सुक्या वाटाण्याएवढा ठिपका ठेवायची आणि बोटाने तो केसांमध्ये दाबायची, म्हणजे भिंगरीने नुसता चाटून टाकू नये. एखाद्या दिवशी जरा जास्त आलाच, तर कडेला पुसून काढायची. तिचा विरोध असा कामाला लागला. दादा मला हळूच म्हणाला, "आई विरुद्ध असताना जितकी कडक असते ना, त्याच्या दुप्पट बाजूने असताना."

पण ब्रश तयार झाला, तरी तोंड उघडत नव्हतं.

दवाखान्यात जिराफाकडे बघत तिने कडी बसवून आणि ते दोन खड्डे भरून घेतले, पण दाढ काढल्यापासून घरी भिंगरीने ओठ मिटले ते मिटलेच. खायची, पण आपल्या हाताने. कुणाचा हात तोंडाजवळ आला की मान फिरवायची. ब्रश दिसला की टेबलाखाली. पहिले काही दिवस वहिनीने गोडीगुलाबीने पाहिलं. मग एका संध्याकाळी, कामावरून थकून आलेली असताना, तिचा धीर सुटला. तिने भिंगरीला मांडीत आवळून धरलं, मला म्हणाली, "हात धर गं जरा तिचे," आणि ब्रश आत घालायचा प्रयत्न केला. भिंगरीने ब्रशला करकचून चावा घेतला. रडली, ओरडली, शेवटी उलटी केली. मग वहिनीही न्हाणीघराच्या फरशीवर बसून रडायला लागली.

"ते पट्टे वाढतील," ती म्हणत होती. "मला दिसताहेत रे ते. ती हसली की मला तेच दिसतात."

दादा दारात उभा होता. त्याने आधी फरशी पुसली. मग वहिनीला उठवलं आणि म्हणाला, "तुझी काळजी बरोबर आहे. पण असं नाही. हे माझ्याकडे दे."

"तू काय करणार आहेस?"

"लोक लिफ्टमध्ये अडकतात ना, तेव्हा आत काही जण दार उघडायची झटापट करतात. त्यांना ओढून काढायला गेलं तर अपघात होतो. आधी बोलायचं. मी इथेच आहे, घाई नाही, हवा भरपूर आहे, असं सांगत राहायचं. मग लिफ्ट मजल्याला आणायची. दार शेवटी."

त्याच आठवड्यात त्याच्यासमोर एक संधी आली होती. रात्रपाळीच्या तातडीच्या कामांचा प्रमुख म्हणून त्याचं नाव पुढे गेलं होतं. बरेच दिवस तो त्याची वाट बघत होता. त्याने साहेबांना जाऊन सांगितलं, मला सकाळचीच पाळी राहू द्या, संध्याकाळी घरी एक काम असतं. कोणतं काम, असं साहेबांनी विचारलं. दादा म्हणाला, "मुलीचे दात घासायचे असतात." साहेब हसले, त्यांना थट्टा वाटली. दादा हसला नाही. हे मला त्याच्या सोबत्याकडून कळलं. घरी तो एका शब्दाने बोलला नाही.

त्याची पद्धत अशी. संध्याकाळी जेवणं झाली, की तो बैठकीच्या खोलीत जमिनीवर चक्क उताणा पडायचा. स्वतःच्या ब्रशवर पेस्ट घ्यायचा आणि भिंगरीला म्हणायचा, "बाई, माझे दात घासून द्या. मला येत नाही."

पहिल्या दिवशी तिने नुसतं लांबून पाहिलं. दुसऱ्या दिवशी जवळ आली. तिसऱ्या दिवशी त्याच्या छातीवर बसली, आणि असा काही ब्रश चालवला की बिचाऱ्याच्या नाकात पेस्ट गेली. तो शिंकला. भिंगरी खो खो हसली. दाढ काढल्यानंतर ती अशी हसलेली आम्ही प्रथमच ऐकली. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली.

मग हे रोजचंच झालं. भिंगरी भलती कडक निघाली. "आ कर. अजून मोठा आ. जीभ मधे आणू नकोस. हलू नकोस, नाहीतर जिराफाला सांगेन." आणि एवढा दांडगा माणूस जमिनीवर पडून, डोळे मिटून, आज्ञा पाळायचा. कधी पेस्ट कानापर्यंत जायची, कधी शर्टावर. भिंगरीच्या तोंडाकडे त्याने ब्रश नेला नाही. विचारलंसुद्धा नाही. वहिनीची घालमेल व्हायची. "दिवस जाताहेत रे," ती म्हणायची. "मजल्याला येतेय," तो म्हणायचा. तोवर भिंगरी स्वतःच ब्रश चोखल्यासारखा दोन-चार वेळा तोंडात फिरवायची, ते तो पुरेसं मानून घ्यायचा. "फ्लोराइड लागलं ना दाताला, आज तेवढं तर तेवढं."

एका संध्याकाळी त्याचे दात घासून झाल्यावर भिंगरी तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "आता माझा एक घास. एकच. हा पुढचा."

दादाने एकच घासला. दुसऱ्याकडे गेला नाही. मी समोर होते. मला वाटलं, अरे तोंड उघडंच आहे, घे की उरकून. पण त्याने ब्रश खाली ठेवला आणि म्हणाला, "झाला. एकच ठरला होता."

मला त्या क्षणी माझ्या भावाचा जितका अभिमान वाटला, तितका त्याला कामावर शाबासकी मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने दोन सांगितले. मग वरचे सगळे. मग एके दिवशी तिने मोजायचंच सोडून दिलं. दादा आता कामावरची डोक्याला बांधायची बॅटरी लावून, मांडीवर तिचं डोकं घेऊन, एकेक दात बघून घासायचा. ज्या बोटांनी तो लोखंडी दोर आवळायचा, त्याच बोटांनी तिचा ओठ इतका अलगद वर करायचा, की बघत राहावं. हिरडीच्या कडेला, जिथे ते पट्टे होते, तिथे बारीक गोल फिरवायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सात वर्षांची होईपर्यंत मोठ्या माणसानेच घासायचं, मुलांच्या हाताला तेवढं वळण नसतं. तिला हौस म्हणून तिच्या हातात द्यायचा, मग स्वतः पुन्हा एकदा. सकाळी घाई असायची, तेव्हा वहिनी घासायची, आणि तिच्याकडूनही भिंगरी आता तक्रार न करता घासून घ्यायची.

आणि मग भिंगरीला बाबाच्या तोंडात काहीतरी सापडलं.

"बाबा, तुझा मागचा दात काळा आहे. भोक आहे. मोठ्ठं."

"असेल," दादा ब्रश तोंडात असतानाच म्हणाला.

"दातवाल्या बाईंना दाखव."

"त्या लहान मुलांच्या आहेत गं."

"मग मोठ्यांच्यांना दाखव."

"बघू."

"बघू म्हणजे नाही," भिंगरी म्हणाली. हे तिने वहिनीकडून उचललेलं होतं.

तेव्हा कुठे उलगडा झाला. वहिनीने त्याला खोदून खोदून विचारलं, आणि त्याने मान खाली घालून सांगितलं, की ती दाढ वर्षानुवर्षं दुखतेय. लहानपणी त्याचे दोन दात कुणीतरी बधिर न करताच ओढून काढले होते. आईलाही ते आठवलं. त्यानंतर तो दातांच्या खुर्चीत कधी बसला नव्हता. पंधराव्या मजल्यावर दोराला लोंबकळणारा माणूस त्या खुर्चीला घाबरत होता, आणि आमच्यातल्या कुणालाच पत्ता नव्हता. भिंगरीची दाढ काढताना त्याच्या कपाळावर घाम का होता, ते मला आता कळलं. तरीही तो तिथे शेवटपर्यंत उभा होता.

डॉक्टरांनी आपल्याच दवाखान्यातल्या, मोठ्यांचे दात बघणाऱ्या सहकाऱ्याकडे वेळ ठरवून दिली. भिंगरीने जाहीर केलं, की ती बरोबर येणार. वहिनी नको म्हणत होती. दादा म्हणाला, "येऊ दे. मी तिथे होतो की तिच्या वेळेला."

खुर्चीत बसल्यावर त्याच्या दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर आवळलेल्या होत्या. भिंगरी स्टुलावर चढली, आणि तिने त्याच्या अंगठ्याला धरलं. तिच्या हातात त्याचा अंगठाच मावत होता.

"घाई नाही," ती म्हणाली. "हवा भरपूर आहे. दुखलं की डावा हात वर कर, मग ते थांबतात. माझ्या वेळी बाई थांबल्या होत्या."

तो नवा डॉक्टर तरुण होता, त्याने हसू दाबलं. "अगदी बरोबर," तो म्हणाला. "हात वर केलात की मी थांबणार."

दादाने हात एकदाच वर केला, सुई टोचताना. डॉक्टर खरंच थांबला. दादाने डोळे उघडून भिंगरीकडे पाहिलं, श्वास सोडला आणि हात खाली घेतला. दाढ वाचली. मुळापर्यंत साफ केली, वर टोपी नंतर बसायची होती. बाहेर आल्यावर अर्धा चेहरा बधिर असलेल्या दादाला नीट बोलता येत नव्हतं. तो काहीतरी पुटपुटला. वहिनीने विचारलं, "काय म्हणतोस?" भिंगरीने भाषांतर केलं, "तो म्हणतो, मी शूर आहे."

"तू की तो?"

"मी," भिंगरी म्हणाली. "पण तोपण."

वहिनीचीही एक गोष्ट सांगायला हवी. सुरुवातीला ती धुलाईत हा विषय काढायची नाही. तिला कानकोंडं व्हायचं. पण तिच्या शेजारी इस्त्रीला उभ्या राहणाऱ्या बाईच्या बाळाला पहिला दात आला, आणि ती आनंदाने सांगायला लागली, की आम्ही पण ती गिळली तरी चालणारीच आणणार. वहिनीने इस्त्री बाजूला ठेवली. "मीही तीच आणायचे," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं काही न लपवता सांगितलं. सूज, दाढ, कडी, पांढरे पट्टे. मग हाताच्या पंज्यावर बोटाने ठिपका काढून दाखवला, तांदळाच्या दाण्याएवढा. "एवढीच घे. पण फ्लोराइडचीच घे. आणि बाटली तोंडात ठेवून झोपवू नकोस." त्या दिवशी घरी आल्यावर ती मला म्हणाली, "बोलताना लाज वाटली गं थोडी. पण त्या बाळाचा दात डोळ्यांसमोर आला." वहिनीला असा कमीपणा घेऊन खरं बोलताना मी नेहमीच पाहिलेलं आहे, तिचा मोठेपणा तिला स्वतःला कधी दिसत नाही.

वर्ष होऊन गेल्यावर तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी हवेच्या नळीने भिंगरीचे पुढचे दात कोरडे केले आणि बराच वेळ बघितले. खोलीत कुणी हलत नव्हतं. भिंगरीसुद्धा नाही.

"या बाजूचे दोन पट्टे जवळजवळ दिसेनासे झालेत," त्या म्हणाल्या. "हा मधला राहिलाय, तो बहुधा राहीलच. पण बघा, आधी तो खडूसारखा खरखरीत होता. आता गुळगुळीत आहे, चकाकतोय. म्हणजे घट्ट झालाय. पुढे सरकलेला नाही. आणि नवीन खड्डा एकही नाही."

वहिनीने दादाचा दंड धरला.

"कोण घासतं रात्री?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाबा," भिंगरी म्हणाली. "आणि आजी वाटाणा काढते."

डॉक्टरांनी दादाकडे पाहिलं. "मी माझी कामं मशीनने करते. हे जे झालंय ना, ते मला कोणत्याही मशीनने करता आलं नसतं. जराशी पेस्ट, दोन वेळा, न चुकता. लिहायला सोपं आहे. करणारे फार थोडे भेटतात."

दादा लाजला. एवढा मोठा माणूस लाजला की खोलीच लहान वाटते. तो म्हणाला, "पेस्टच चांगली आहे."

निघताना मी डॉक्टरांचा चष्मा मागून घेतला आणि पिशवीतल्या छोट्या पेचकसाने त्याचे स्क्रू आवळून दिले. आमच्याकडून तेवढंच.

त्यानंतर काही महिन्यांनी, भिंगरीला सहावं लागलं होतं तेव्हा, एका संध्याकाळी घासता घासता दादा थांबला. खालच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, जिथे आजवर नुसती गुलाबी हिरडी होती, तिथे ब्रशला काहीतरी टणक लागलं. त्याने ओठ जरा बाजूला केला, बॅटरी जवळ नेली आणि एकदम ओरडला, "या, या, सगळे या!"

आम्ही घाबरून धावलो. आईच्या हातात ट्यूब तशीच.

"नवी दाढ," दादा म्हणाला. "कायमची. ही पडायची नाही. हिला पुढं जन्मभर टिकायचंय."

हिरडीतून एक पांढरंशुभ्र टोक वर आलं होतं, आणि त्याच्या मागोमाग दुसरं येऊ बघत होतं. आम्ही एकेकीने वाकून पाहिलं. भिंगरी मोठा आ करून, डोळे गोल फिरवत, सगळ्यांना बघू देत होती. आईने सर्वांत जास्त वेळ पाहिलं. मग ती सरळ झाली आणि दादाला म्हणाली, "हिच्या मागच्या बाजूला ब्रश नीट पोचतो का बघ. कोपरा आहे तो."

"पोचतो," दादा म्हणाला, आणि जीभ दातांत धरून, श्वास रोखून, त्या नव्या दाढेभोवती हळूच ब्रश फिरवायला लागला.